सात सेकंद आणि सहा हजार गाणी

डेक्कन क्वीन पुण्याकडे निघाली आहे आणि आपण रुळांपासून सुरक्षित अंतरावर उभे आहोत. गाडीचा सरासरी वेग ताशी ६० किलोमीटर. एक डबा गेला, दोन, तीन, चार, पाच... झाले सात सेकंद!

तेवढ्याच वेळात, १९६९ साली, अमेरिकेतल्या अटलांटा शहरात ग्रेगरी कोलमन नावाच्या ड्रमरने काय करून ठेवलं ते आता ऐका. 'द विन्स्टन्स' हा त्याचा बँड. 'अमेन, ब्रदर' नावाची एक वाद्यरचना ध्वनिमुद्रित होत होती, आणि तीही कुणी फारशी मनावर घेतलेली नव्हती. तबकडीच्या मागच्या बाजूला काहीतरी भरायला हवं म्हणून केलेली. मध्येच बाकी सगळी वाद्यं थांबली, कोलमन एकटा उरला आणि त्याने सोळा मात्रा वाजवल्या. आपल्या तीनतालाचं एक आवर्तन म्हणा ना. सोळा मात्रा, सात सेकंद. बाकीची मंडळी परत आली, रचना पुढे गेली, तबकडी छापली, दुकानात गेली. पुढच्या बाजूचं गाणं दणकून चाललं, त्याला ग्रॅमी मिळालं. मागच्या बाजूकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

पुढे ऐंशीच्या दशकात हिपहॉपवाल्यांच्या हाती यंत्रं आली. जुन्या तबकडीतला तुकडा उचलायचा, तो पुन्हा पुन्हा फिरवायचा आणि त्यावर आपलं गाणं चढवायचं. हे यंत्र आत नेमकं काय करतं, ते इंजिनियर मंडळींवर सोडू. आपण फक्त मोजू. तर ह्या सात सेकंदांच्या तुकड्यावर आजपर्यंत किती गाणी उभी राहिली असतील? शंभर? पाचशे? नोंद झालेलीच सहा हजारांहून जास्त! इंग्लंडात नव्वदच्या दशकात जंगल आणि ड्रम अँड बेस हे अख्खे संगीतप्रकार ह्या सोळा मात्रा कापून, उलटसुलट करून, वेग वाढवून उभे राहिले.

चला, हिशेब मांडू. प्रत्येक गाण्यात हा तुकडा फिरून फिरून फक्त दोन मिनिटं वाजतो असं धरू. हे मी फारच हात आखडून धरतोय, कित्येक गाण्यांत तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजतो. सहा हजार गाणी गुणिले दोन मिनिटं, म्हणजे बारा हजार मिनिटं. म्हणजे २०० तास. डेक्कन क्वीनला मुंबई-पुणे १९२ किलोमीटर जायला तीन तास आणि वर दहाएक मिनिटं लागतात. २०० तासांत तिच्या ६३ फेऱ्या होतील. अंतर बारा हजार किलोमीटरच्या वर. मुंबई ते न्यूयॉर्क विमानाचं अंतर आहे साधारण साडेबारा हजार! पाच डबे जाईपर्यंत वाजलेल्या सोळा मात्रा आपल्याला जवळजवळ न्यूयॉर्कला पोचवतात.

आणि कोलमनला त्याचे मिळाले किती? शून्य. तो २००६ साली अटलांटातच वारला, तेव्हा त्याला राहायला घरही नव्हतं. बँडचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर ह्यालाही वर्षानुवर्षं काही मिळालं नाही. शेवटी २०१५ साली काही चाहत्यांनी वर्गणी काढली आणि २४ हजार पौंड त्याच्या हाती ठेवले. भागा त्याला सहा हजारांनी. गाण्यामागे ४ पौंड. त्या वेळच्या भावाने चारशे रुपयांच्या आत-बाहेर. एवढ्यात आज शिवनेरीचं पुण्यापर्यंतचं तिकीटही येत नाही.

ही नुसती सुरुवात झाली. कारण १९६९ हे सालच विलक्षण आहे. त्या जुलैत माणूस चंद्रावर गेला. अंतर ३ लाख ८४ हजार किलोमीटर, म्हणजे डेक्कन क्वीनच्या बरोबर २ हजार फेऱ्या (गुणाकार करून पाहा, एकही किलोमीटर उरत नाही). आणि त्याच वर्षात, खाली पृथ्वीवर, फंक नावाच्या संगीताने असं काही इंधन पेटवलं की त्यावर आजही अख्ख्या जगाचे पाय हलतात.

हे इंधन आणलं कुणी, तर जेम्स ब्राउनने. जन्म १९३३, साउथ कॅरोलायना. वाढला जॉर्जियातल्या ऑगस्टा गावात, कमालीच्या गरिबीत. त्याची युक्ती सांगायला एका ओळीची आहे: सगळा जोर समेवर. पहिल्या मात्रेवर बँडमधल्या प्रत्येकाने एकदम पडायचं आणि मग आपापल्या वाटेने फिरून पुन्हा तिथेच यायचं. आपल्याकडे तबलजी आणि गवई समेवर भेटले की मान डोलते. ब्राउनकडे डझनभर माणसं समेवर आदळायची आणि प्रेक्षागृहच डोलायचं. गिटारसुद्धा ड्रमसारखी वाजायची, ब्रास वाद्यंही ड्रमसारखी, आणि स्वतः ब्राउनचं ओरडणं म्हणजे आणखी एक ड्रम. १९६७ च्या 'कोल्ड स्वेट'मध्ये तर चाल नावाला उरली आहे. सगळा खेळ ठेक्याचा.

ह्या माणसाच्या हट्टाचा एक आकडा बघा. १९६२ साली न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या अपोलो थिएटरात त्याला आपला कार्यक्रम थेट ध्वनिमुद्रित करायचा होता. रेकॉर्ड कंपनीचा मालक म्हणाला, प्रत्यक्ष कार्यक्रमाची तबकडी कोण घेणार? ब्राउनने खिशात हात घालून ५ हजार ७०० डॉलर काढले. तेव्हा डॉलर होता ४ रुपये ७६ पैशांना, म्हणजे आपले सुमारे २७ हजार रुपये. ऐकून हसू येईल, पण ते १९६२ सालचे २७ हजार आहेत, आणि स्वतःच्या खिशातले. तबकडी आली आणि अमेरिकेच्या यादीत ६६ आठवडे ठाण मांडून बसली. सव्वा वर्ष! कंपनीच्या मालकाचा चेहरा तेव्हा कसा झाला असेल, हे मोजायचं माप मात्र माझ्याकडे नाही.

आणि उलटाही आकडा आहे. अमेरिकेच्या मुख्य शंभरीत ब्राउनची नव्वदहून जास्त गाणी लागली आणि त्यातलं एकही पहिल्या नंबरावर गेलं नाही. कृष्णवर्णीय संगीताच्या वेगळ्या यादीत १७ वेळा पहिला, मुख्य यादीत एकदाही नाही. प्रत्येक गाणं तीन मिनिटांचं धरलं तर ही न-जिंकलेली गाणी सलग ऐकायला साडेचार तास लागतील. पुण्याला पोचून परतीच्या गाडीत बसलो तरी संपणार नाहीत.

शिस्त अशी की नाचता नाचता पाठमोरा असतानाही कुणाचा सूर चुकला तर त्याला कळायचं. लगेच हाताची बोटं दाखवायचा. प्रेक्षकांना वाटायचं, काय झकास पदन्यास! वादकाला कळायचं, गेले पगारातले डॉलर. बुटाला पॉलिश नाही, दंड. उशीर, दंड. आणि घाम? कार्यक्रम संपेपर्यंत कोट पिळून काढावा लागेल इतका. माणशी लिटरभर घाम एका कार्यक्रमाला सहज जातो म्हणा. वर्षाला दोनशे कार्यक्रम धरू, पन्नास वर्षं धरू. मधली तुरुंगातली दोन-अडीच वर्षं इतर वर्षांच्या जादा कार्यक्रमांत खपवू. झाले दहा हजार लिटर. एक अख्खा टँकर! गावाकडच्या पाच मीटर व्यासाच्या कोरड्या विहिरीत ओतला तर गुडघाभर पाणी. एकट्या माणसाच्या घामाचं.

ह्या ब्राउनच्या मागे बसायचा क्लाइड स्टबलफील्ड. चॅटनूगा गावचा. लहानपणी कारखान्यांची धडधड आणि आगगाड्यांची खडखड ऐकत ताल शिकलेला. २० नोव्हेंबर १९६९ रोजी सिनसिनाटी शहरात 'फंकी ड्रमर' ध्वनिमुद्रित झालं. पाच मिनिटं उलटून गेल्यावर ब्राउन बाकीच्यांना थांबवतो आणि स्टबलफील्डला बजावतो की कलाकारी दाखवू नकोस, चाललंय तेच चालू ठेव. आणि तो तेच चालू ठेवतो. चार-चार मात्रांची आठ आवर्तनं, १९ सेकंद. उजवा हात झांजेवर एका मात्रेत चार ठोके पाडतोय. डावा हात स्नेअरवर मोठ्या ठोक्यांच्या मध्ये असे हलके, जेमतेम टेकल्यासारखे ठोके पेरतोय की ते कानाला ऐकू येण्याआधी खांद्याला कळतात. आठ आवर्तनांत ठोक्यांची १२८ घरं आणि त्यातलं क्वचितच एखादं रिकामं. सेकंदाला जवळजवळ सात घरं! चुटकी वाजवून बघा सेकंदाला सात, जमणार नाही.

ह्या १९ सेकंदांवर हजाराहून जास्त गाणी उभी आहेत. पब्लिक एनिमीचं 'फाइट द पॉवर' घ्या, एलएल कूल जे घ्या, जॉर्ज मायकल घ्या, आयर्लंडची शिनेड ओकॉनर घ्या. स्टबलफील्डला त्यातून स्वामित्वधन मिळालं नाही. गाणं ब्राउनच्या नावावर, ड्रमरला त्या दिवसाची मजुरी.

समजा, प्रत्येक ऐकण्यामागे त्याला एक पैसा मिळाला असता. रुपया नाही हं, पैसा, जो आता चलनातही नाही. हजार गाणी, आणि प्रत्येक गाणं फक्त दहा लाख वेळा ऐकलं गेलं असं धरू. त्यातली काही तर कोट्यवधी वेळा ऐकली गेली आहेत. हजार गुणिले दहा लाख, म्हणजे एक अब्ज पैसे. म्हणजे एक कोटी रुपये! ते रुपयाच्या नाण्यांत मागून घेऊ. नाण्याचा व्यास साधारण २२ मिलिमीटर. मुंबईहून निघून एकाला एक चिकटवून रस्त्यावर मांडत चला. लोणावळा गेलं. पुणं गेलं. शिरवळ गेलं. खंबाटकी घाट चढायला लागलो तेव्हा कुठे पिशवी रिकामी झाली. २२० किलोमीटर नाणी, ३८ टन वजन, चार ट्रक भरून. एका पैशाच्या हिशेबाने!

प्रत्यक्षात स्टबलफील्ड विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात राहायचा आणि कितीतरी वर्षं दर सोमवारी तिथल्या एका क्लबात ड्रम वाजवायचा. आजारपणात दवाखान्याचं बिल थकलं तेव्हा सुमारे ९० हजार डॉलर गुपचूप भरले ते प्रिन्सने. हाच तो प्रिन्स, ज्याच्या १९७८ च्या पहिल्या तबकडीवर २७ वाद्यं वाजवल्याची नोंद आहे आणि ती सगळी त्या एकोणीस वर्षांच्या पोराने एकट्याने वाजवलेली. ड्रमरची किंमत दुसऱ्या ड्रमरलाच कळावी, ह्यात मला तरी नवल वाटत नाही.

पण १९६९ अजून संपलेलं नाही. १७ ऑगस्टला, पहाटे साडेतीनला, वुडस्टॉक संगीत महोत्सवाच्या चिखलात स्लाय अँड द फॅमिली स्टोन मंचावर आले. मंचावर सात जण: काळे, गोरे, बाया, पुरुष, भाऊ, बहीण. समोर चार लाखांवर माणसं. वानखेडेवर ३३ हजार मावतात, तर असे बारा वानखेडे, खचाखच! गर्दीच्या वेळची लोकल पाच हजारांना पोटात घेते म्हणतात, तर अशा ८० लोकल, विरारपासून चर्चगेटपर्यंत एकामागे एक. आणि ती सगळी अर्धवट झोपेतली, पावसाने भिजलेली माणसं ह्या सात जणांनी उठवून नाचवली. वादकामागे ५७ हजार नाचणारे.

त्या सातांतला बेस वाजवणारा लॅरी ग्रॅहम. हा आधी आपल्या आईबरोबर वाजवायचा. आई पियानोवर, हा बेसवर. पुढे साथीला ड्रमर उरला नाही. मग ह्याने ठोका भरून काढायला बेसची तार अंगठ्याने बडवायला आणि दुसरी तार बोटाने उपटून सोडायला सुरुवात केली. धप्प-टण, धप्प-टण. एक ड्रमर कमी पडला म्हणून जगभरच्या बेसवाल्यांचे अंगठे गेली पन्नासहून जास्त वर्षं दुखताहेत!

त्याच १९६९ मध्ये नायजेरियाचा फेला कुटी आपला बँड घेऊन अमेरिकेत आला होता. ब्राउनचा फंक त्याच्या कानात होताच, त्यात त्याने योरुबा ताल आणि जॅझ कालवलं. परत जाऊन जे वाजवलं ते अॅफ्रोबीट. त्याचं एक गाणं म्हणजे तबकडीची अख्खी बाजू. दहा-बारा मिनिटांच्या आत फेला तोंडच उघडत नाही, असंही घडतं. 'झॉम्बी' ह्या गाण्यात त्याने लष्कराची अशी टर उडवली की १९७७ च्या फेब्रुवारीत त्याच्या घरावर सुमारे हजार सैनिक चालून आले. एका गाण्यावर हजार सैनिक! घर जाळलं, म्हाताऱ्या आईला खिडकीतून खाली फेकलं. ती माउली पुढच्या वर्षी गेली. इथे आकड्यांची गंमत थांबते. पण वीस वर्षांनी, १९९७ मध्ये फेला गेला तेव्हा लागोसच्या रस्त्यांवर निरोपाला सुमारे दहा लाख लोक उतरले. सैनिकामागे हजार माणसं.

आता जरा आकाशाकडे बघू. ब्राउनच्या बँडमध्ये १९७० साली बूट्सी कॉलिन्स नावाचा अठरा वर्षांचा पोरगा बेस वाजवायला आला होता. तो तिथली शिस्त सोसून सटकला आणि जॉर्ज क्लिंटनला जाऊन मिळाला. क्लिंटन म्हणजे न्यू जर्सीतल्या प्लेनफील्ड गावात केशकर्तनालय चालवणारा माणूस. गिऱ्हाइकांच्या माना वळवता वळवता त्याने गाणारी टोळी जमवली. त्या टोळीची पुढे दोन नावं झाली, पार्लमेंट आणि फंकाडेलिक, आणि माणसं इतकी की १९९७ साली सन्मान द्यायची वेळ आली तेव्हा एका दमात सोळा जणांची नावं घ्यावी लागली. ह्या क्लिंटनला वाटलं, मंचावर यान उतरवावं. खरंखुरं. धूर सोडत, दिवे लुकलुकत, छतावरून. ऑक्टोबर १९७६ मध्ये न्यू ऑर्लिन्सला ते उतरलंही! खर्च पावणेतीन लाख डॉलर. तेव्हाच्या भावाने जवळजवळ पंचवीस लाख रुपये. आपल्या 'शोले'चा खर्च तीन कोटी सांगतात. म्हणजे बारा यानांत एक 'शोले'. रामगड, घोडे, आगगाडीवरचा दरोडा, सगळं धरून! मूळ यान पुढे भंगारात गेलं. नंतर बनवलेलं दुसरं आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात दिमाखात बसलं आहे.

ह्याच काळात अर्थ, विंड अँड फायर उभे राहिले. त्यांच्या ९ कोटी रेकॉर्ड खपल्याचं सांगतात. सगळ्या एलपी मानून ओळीने मांडल्या तर २७ हजार किलोमीटर, मुंबई-पुणे रस्ता १८० वेळा. पुढे चला.

पुढे जाताना एका सांगलीकर आवाजाला मुजरा करायला हवा. २००५ मध्ये ब्लॅक आइड पीजने 'डोंट फंक विथ माय हार्ट' काढलं. त्याचा कणा कुठला? कल्याणजी-आनंदजींची दोन गाणी, 'अपराध' आणि 'डॉन'मधली, दोन्ही आशा भोसले ह्यांच्या गळ्यातली. त्या गाण्याला ग्रॅमी मिळालं. आशाताईंचा जन्म सप्टेंबर १९३३ चा, जेम्स ब्राउनचा मे १९३३ चा. चार महिन्यांचं अंतर! आशाताईंच्या नावावर अकरा हजारांपर्यंत ध्वनिमुद्रणं आहेत, म्हणून २०११ साली गिनीज बुकात नाव गेलं. दिवसाला एक ऐकलं तर तीस वर्षं लागतील. ब्राउनने अमेरिकेच्या यादीत लावलेली गाणी तीन महिन्यांत संपतात.

आणि आता शेवटचा आकडा. जरा खुर्ची धरून बसा.

नोव्हेंबर २०१४ मध्ये मार्क रॉन्सन आणि ब्रुनो मार्स ह्यांचं 'अपटाउन फंक' आलं. अमेरिकेत १४ आठवडे पहिल्या नंबरावर. ब्राउनला जे आयुष्यभर जमलं नाही ते त्याच्याच पावलांवर नाचून ह्यांनी केलं. यूट्यूबवर ते ५ अब्जांहून जास्त वेळा वाजलं आहे. पाचशे कोटी! गाणं साडेचार मिनिटांचं. म्हणजे साडेबावीस अब्ज मिनिटं. म्हणजे साडेसदतीस कोटी तास. म्हणजे ४२ हजार ८०० वर्षं! एकट्याने, न झोपता, न जेवता ऐकायला बसायचं ठरवलं तर माणूस शेती शिकला त्याच्या तीस हजार वर्षं आधी सुरुवात करायला हवी होती. तेवढ्या वेळात डेक्कन क्वीन मुंबई-पुणे पावणेबारा कोटींहून जास्त फेऱ्या मारील. तीच गाडी वर वळवली तर चंद्र ५९ हजार वेळा गाठील, आणि सरळच जात राहिली तर नेपच्यून जितका लांब आहे त्याच्या पाचपट पुढे! घाटात मागून ढकलणारं बँकर इंजिन जोडायची गरज नाही, कारण तिथे घाट नाहीत.

बरं, ह्या गाण्यात ओक्लाहोमाच्या गॅप बँडच्या १९७९ च्या एका गाण्याची सावली दिसली. त्यांनी हक्क सांगितला आणि पाच जणांची नावं २०१५ साली श्रेयात चढली. वाटा १७ टक्के. चालीवर, शब्दांवर हक्क सांगता येतो. ड्रमच्या ठोक्यावर सहसा कुणी सांगू देत नाही. तरी पैशांचा हिशेब त्यांचा त्यांनी करावा, आपण वेळेचा करू. ४२ हजार ८०० वर्षांचे १७ टक्के म्हणजे ७ हजार २७६ वर्षं. पाच जणांत वाटली तर माणशी १ हजार ४५५ वर्षं, आणि तुम्ही हे वाचेपर्यंत यूट्यूबवर ती आणखी वाढली!